कोनाचं हाय?

टायटॅनियमचा बुरादा साचू द्यायचा नसतो. रोज संध्याकाळी झाडायचा, पत्र्याच्या डब्यात भरायचा, झाकण लावायचं आणि डबा शेडच्या बाहेर नेऊन ठेवायचा. साचला की पेट घेतो. किश्श्यांचं तसं नाही. ते झाडायला कोणी येत नाही, म्हणून ते साचत जातात. यवतमाळच्या एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी सोळा वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. आता कोणी नुसतं "काय काम करायचात हो तुम्ही?" असं विचारलं तरी मी सुरू होते. घरचे उठून आत जातात. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

आधी माणसं सांगते, फार नाहीत. उकंडमामा आमचे टर्नर, राळेगावकडचे. जिल्ह्यातल्या निम्म्या जिनिंगचे रोलर त्यांच्या हाताखालून गेलेले. नासीर मशीनवाला, पांढरकवड्याचा, वडील हैदराबाद रोडवर ट्रक चालवायचे. निखिल सर नागपूरचे इंजिनिअर, ते आम्हाला काम आणून द्यायचे. आणि मी सुनंदा, मोजमाप घेणारी. माझे वडील कचेरीत हेडक्लार्क होते, त्यामुळे मोजूनमापून बोलायची आमच्या घरात रीत आहे. मला ती मशीनच्या भागांपुरती जमली. मालक होते, पण ते किश्श्यांत येत नाहीत. कामावरही फारसे येत नसत.

मामा आता नाहीत. त्यांची एक पऱ्हाटीची काडी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कापूस वेचून झाल्यावर शेतात वाळकं झाड उभं राहतं ना, त्याचा बुंधा. हातभर लांब, बोटाएवढी जाड. तिच्या एका टोकावर दोन माणसांच्या दातांचे ठसे आहेत. एक मामांचे. दुसरे कोणाचे आणि कसे आले, ते मला सांगायचं आहे. पण एकदम तिथे गेले तर तुम्हाला काही कळणार नाही.

*

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आवाज इतका असतो की शेजारचा बोंबलला तरी ऐकू येत नाही. तिथे बेअरिंग गेलंय की रोलर घासतोय, हे कानानं कळणार कसं? मामा काडीचं एक टोक मशीनला टेकवायचे, दुसरं दाढेत धरायचे, दोन्ही कानांत बोटं घालायचे आणि डोळे मिटायचे. मशीनची थरथर काडीतून दाढेत, दाढेतून जबड्यात, जबड्यातून डोक्यात. अर्ध्या मिनिटानं काडी काढून म्हणायचे, "डाव्या आंगचा तिसरा. छर्रा फुटला हाय."

खोलून पाहिलं की डाव्या बाजूचा तिसराच निघायचा.

मग कापसाची वाईट वर्षं आली. पावसाचा खंड, बोंडअळी, भाव, सगळं एकामागून एक. जिनिंग एकेक करून बंद पडल्या. आमच्या शेडमध्ये रोलरची रांग लागायची, तिथे शेजारच्यांच्या बकऱ्या येऊन बसायला लागल्या. मालकांनी जुनी मशीनरी मोडीत घातली, एक कॉम्प्युटरवाली मिलिंग मशीन आणली आणि काम शोधत फिरले. मिळालं ते हे. नागपुरात एक कंपनी टायटॅनियमच्या पावडरवर लेझर मारून, थरावर थर चढवून माणसाची हाडं छापायची. कवटीचा तुकडा, खुब्याची वाटी, जबडा. छापून निघालेला तुकडा ओबडधोबड असतो, त्याला आधाराचे बारीक खांब चिकटलेले असतात. ते काढायचे, स्क्रूची भोकं नीट करायची, कडा मऊ करायच्या, हे आमचं काम. मोठ्या शहरातले वर्कशॉपवाले एकेका नगासाठी मशीन अडकवायला तयार नव्हते. आमची मशीन रिकामीच उभी होती.

निखिल सरांनी पहिला तुकडा मामांच्या हातात दिला. मामांनी तो तळहातावर उडवून पाहिला.

"पोकळ हाय. फसवलं तुमाले."

"नाही मामा, धातूच हलका आहे. आणि हा ओतलेला नाही, प्रिंट केलेला आहे."

"लोखंड छापून राह्यले?"

"तसंच समजा."

"अन् छापताना चुकलं, तं खोडाचं कायनं?"

सर हसले. म्हणाले, "तुमच्या हातानं."

मामांना हे उत्तर इतकं आवडलं की पुढे वर्षभर कोणी भेटलं की सांगायचे, "आपन नागपूरवाल्याचं खोडरबर हाओत."

*

टायटॅनियम कापायला फार वाईट. हळू कापलं तर नुसतं घासतं, जोरात कापलं तर तापतं, आणि तापलं की कटरच खाऊन टाकतं. त्यात हे तुकडे पातळ आणि वेडेवाकडे. घट्ट धरले की वाकतात, सैल धरले की थरथरतात. मामांनी जुन्या रोलरच्या चामड्याच्या चकत्या काढल्या, तुकड्याच्या आकाराच्या कोरल्या आणि त्या गादीत तुकडा बसवला. बंद जिनिंगचं चामडं आमच्याकडे पोत्यांनी पडलं होतं.

मग काडी. एक टोक गादीखालच्या पाटाला, दुसरं दाढेत, बोटं कानांत. तोंडात काडी, मग बोलणार कसं? म्हणून भुवया. नासीर वेगाच्या बटणावर हात ठेवून मामांच्या भुवयांकडे बघायचा. भुवई वर गेली की वेग कमी, जागेवर आली की पहिल्यासारखा. त्या दोघांचं ते काम बघायला निखिल सर मुद्दाम थांबायचे. एकदा मामांना शिंक येत होती आणि ती काही येईना, तेव्हा भुवया अशा नाचल्या की नासीरनं घाबरून मशीनच बंद केली.

भुवयांवरून आठवलं. नासीरच्या भुवया एकदा साफ गेल्या होत्या.

सुरुवातीला बुराद्याचं आम्हाला काही माहीत नव्हतं. कोपऱ्यात ढीग होता, त्यावर ग्राइंडरची ठिणगी पडली. जिनिंगच्या माणसाला आग दिसली की त्याचा हात आपोआप बादलीकडे जातो. रुई पेटली तर पाणी, दुसरा विचारच नाही. मामांनी बादली ओतली. पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी कधी टाकू नये, हे आम्हाला त्या क्षणी कळलं. पांढराफेक भडका छपरापर्यंत गेला, आणि नासीर ढिगाच्या शेजारीच उभा होता.

तो चेहरा चाचपत म्हणाला, "मामा, ये लोहा पानी पीके जलता है."

डोळे वाचले हेच खूप. हातावरचे फोड बरे व्हायला महिना गेला. पण लगेच पुढच्या शुक्रवारी त्याला मुलगी पाहायला जायचं होतं आणि तारीख पुढे ढकलायला त्याची अम्मी तयार नव्हती. मी माझ्या पेन्सिलनं त्याला भुवया काढून दिल्या. तपासणीची बाई मी, दोन्ही बाजू मोजून काढल्या, केसाचा फरक नाही. मुलीकडून निरोप आला: लडका पसंद है, बस इतना बता दो कि वो हैरान किस बात पे है.

लग्न झालं. वाळूची बादली मात्र त्या आधीच आणून ठेवली होती.

*

आता जे सांगते त्यात हसण्यासारखं काही नाही. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळत नाही.

जिनिंगच्या एखाद्या भागाला बारीकशी धार राहिली तर तिला रुई अडकते. अडकलेली रुई घासून तापते आणि आग लागते. म्हणून मामांच्या खिशात कायम रुईचा एक बोळा. काम संपलं की तो सगळीकडून फिरवायचा. धागा अडकला तर काम संपलेलं नाही. तीस वर्षांत मामांच्या हातून बाहेर गेलेल्या मालाला धागा अडकला नव्हता. हा त्यांचा मान होता, आणि तो त्यांनी कमावलेला होता.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात आमच्याकडे पहिला जबडा आला. खालचा, उजव्या बाजूचा अर्धा. बाहेरून सपाट, पण जिथे उरलेल्या हाडाला टेकणार ती टोकं जाळीदार, स्पंजासारखी. मामांनी खांब काढले, कडा मऊ केल्या, बोळा फिरवला. जाळीवर धागे अडकले. मग मामा तीन दिवस त्या जाळीवर बसले. कानस, पॉलिश पेपर, पुन्हा कानस. तिसऱ्या दिवशी दुपारी बोळा फिरवला, एक धागा अडकला नाही. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "पाह्य बाई, लोनी झालं."

मी मोजलं. लांबी बरोबर, भोकं बरोबर. ड्रॉइंगवर त्या टोकांपाशी 'ॲज प्रिंटेड' असं लिहिलं होतं. म्हणजे छापलं तसंच राहू द्या. मला वाटलं, हा भाग छापलेला आहे एवढंच सांगताहेत. मी सही केली.

निखिल सरांनी डबा उघडला आणि खाली बसले.

"मामा, ती टोकं खडबडीतच हवी होती. हाड त्या जाळीत शिरतं आणि पकड घेतं. आता ते कशात शिरणार?"

मामांनी डब्यातला जबडा उचलून पाहिला. मग म्हणाले, "दुसरा छापता येते ना?"

"येतो. तीन आठवडे लागतात."

तीन आठवडे झाले, जबडा आला नाही. मी फोन केला तेव्हा सर म्हणाले, "ताई, त्याची आता गरज उरली नाही." आजार आधीच पसरला होता, तुमच्यामुळे काही झालं असं समजू नका, असंही म्हणाले. मी ते मामांना जसंच्या तसं सांगितलं. मामांनी खिशातून बोळा काढला आणि टेबलावर ठेवला.

"कोनाचं होतं?"

सरांनी नाव सांगितलं नव्हतं. नियमच तसा आहे. डब्यावर नंबर, वय आणि पुरुष की बाई, एवढंच.

"म्हंजे कोनाचं होतं ते बी मले मालूम नाई," मामा म्हणाले, आणि त्या जबड्याचा डबा घेऊन घरी गेले.

*

चार दिवसांनी कामावर आले. तो बिघडलेला जबडा त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. टेबलावर पुढचा डबा येऊन पडला होता. मामांनी त्याला हात लावला नाही.

"कोनाचं हाय?"

"बाई आहे, वय एकेचाळीस."

"ते नाई इचारत. कोनाचं हाय?"

जिनिंगच्या काळात प्रत्येक रोलरवर खडूनं गाव लिहून यायचं. राळेगावचा, वणीचा, दारव्ह्याचा. मामा गाव वाचून मगच हत्यार उचलायचे. इथे गाव नव्हतं. डबा दोन दिवस तसाच पडून राहिला. इकडे सरांचे फोन. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "मामा, कळलं बरं का. उमरखेडची मास्तरीण आहे. तीन मुलं आहेत."

साफ खोटं. उमरखेडला मी जन्मात गेलेली नाही. सकाळी स्टँडवर उमरखेडची गाडी उभी दिसली होती, तेवढ्यावर मी मास्तरीण उभी केली.

"मास्तरीन," मामा म्हणाले. "मंग तं दिवसभर बोलाचं काम. तिले जबडा पाह्यजेच." आणि चामडं कापायला बसले. ह्या वेळी जाळीच्या टोकांना मी आधीच निळा रंग लावून दिला होता. मामा निळ्याच्या अलीकडे थांबले.

तेव्हापासून प्रत्येक डब्याला मी एक माणूस द्यायला लागले. वणीचा शिंपी. दारव्ह्याचा कंडक्टर. घाटंजीची नवी सून. मामा विचारायचे, ऐकायचे, मान हलवायचे, मग हत्यार उचलायचे. पंचाईत अशी की नंतर चौकशी व्हायची. "त्या शिंप्याचं कसं हाय? सुई धरते का?" शेवटी मी वही केली. कोण, कुठलं, घरी कोण कोण, आता तब्येत कशी. एकदा ती निखिल सरांच्या हाती लागली. त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, पेशंटची ही माहिती तुम्हाला कुठून मिळाली? हा गुन्हा आहे."

"सर," मी म्हणाले, "त्यातला एकही माणूस जन्माला आलेला नाही."

सरांनी वही मिटून परत दिली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मास्तरणीवर मामांचा विशेष जीव. तिच्यासाठी त्यांनी एकदा घरच्या शेतातली तुरीची डाळ पाठवली. सरांनी निमूट घेतली. पुढच्या खेपेला मामांनी विचारलं, "दाळ कशी लागली म्हने मास्तरनीले?"

"फार छान शिजते म्हणाल्या."

मग मला बाजूला घेऊन सर हळूच म्हणाले, "ताई, मास्तरीणबाईंची डाळ संपली आहे."

नासीरला हे सगळं माहीत होतं. मामांना माहीत नाही, अशी आमची दोघांची समजूत होती.

*

खर्र्याचं राहिलंच. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि गालात दाबायचा. आमच्या भागात जो खात नाही त्याला लोक विचारतात, बरं वाटत नाही का? येणाऱ्या जबड्यांपैकी बहुतेक खर्र्यानं खाल्लेले, असं सर सांगायचे. आणि आमची माणसं गालात खर्रा धरून ते जबडे साफ करायची. मी नाही. मी नुसती सुपारी खायचे आणि स्वतःला शहाणी समजायचे.

सरांनी पाटी लावली: खर्रा खाऊन मशीनजवळ उभे राहू नये. दुसऱ्या दिवशी मामा मशीनजवळ खुर्ची टाकून बसले. म्हणाले, "उभं राहू नोको म्हनते."

नासीरनं लग्नानंतर सोडला. बायकोनं सोडवला म्हणा. मामांना सांगायला त्यांच्या घरी कोणी नव्हतं. मामी आधीच गेल्या होत्या, मुलगा सुरतेला.

एकदा सर दातांच्या डॉक्टरकडून शिकून आले. तीन बोटं एकावर एक धरून तोंडात गेली पाहिजेत, नाही गेली तर दाखवायला जा. नासीरची गेली. माझी गेली. मामांची दोन गेली आणि तिसरं अडलं.

"बोटानं कायले मोजता?" मामा म्हणाले. "बोट का गेज हाय? बाई, वर्नियर आन."

मी वर्नियर पुसून आणला. मामांनी होईल तेवढं तोंड उघडलं. वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंत बावीस मिलिमीटर.

"किती पाह्यजे?"

"पस्तीसच्या वर," सर म्हणाले. "मामा, उद्याच्या उद्या दाखवा."

"मंग हा नग रिजेक्ट," मामा म्हणाले. आम्ही सगळे हसलो. नासीरनं त्यांच्या शर्टावर रिजेक्टचं लाल लेबल चिकटवलं आणि मामा ते दिवसभर मिरवत फिरले.

सवयीनं मी माप वहीत लिहिलं. महिन्यानं पुन्हा घेतलं, गंमत म्हणून. एकोणीस. त्याच्या पुढच्या महिन्यात सोळा. माझ्या टेबलावर एखादं माप असं दर खेपेला एकाच दिशेनं सरकायला लागलं की मी मशीन थांबवते. मला पगार त्याचाच होता. इथे मी सोळा लिहिलं, वही मिटली आणि चहा प्यायला गेले. सर विचारायचे, मामा दाखवलं का? मामा म्हणायचे, दाखवतो. मीही एकदोनदा म्हणाले, पण पाटी वाचावी तसं. हात धरून नेलं नाही. ते मला अजून टोचतं, आणि टोचू दे.

चौथ्या महिन्यात मामा काडीचं टोक चाकूनं चपटं करत बसलेले दिसले.

"काहून मामा?"

"काडी दाढंपर्यंत जात नाई," ते म्हणाले.

*

नासीर त्यांना नागपूरला घेऊन गेला. उजव्या बाजूचा खालचा जबडा काढावा लागेल, असं ठरलं. काढायचा आणि त्याच वेळी टायटॅनियमचा बसवायचा. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला आणि बजावलं की हा चुकवू नका, गाठ थांबणार नाही. निखिल सरांनी मामांचा स्कॅन घेतला. छापायला वेळ लागणार होता, छापून आल्यावर फिनिशिंगला आमच्या हातात दोन दिवस. बिघडला तर दुसरा छापायला तीन आठवडे. तीन आठवडे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सर म्हणाले, "मी बाहेर विचारून पाहिलं मामा. ह्या तारखेत कोणी करून देत नाही."

"कायले इचारलं?" मामा म्हणाले. त्यांचं बोलणं आता दातांच्या फटीतून यायचं, जवळ जाऊन ऐकावं लागायचं. "खोडरबर इथं हाय."

पण खोडरबराच्या तोंडात काडी जात नव्हती. म्हणून नासीरनं शिकायचं ठरलं. मामांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि तो पहिला, बिघडलेला जबडा बाहेर आणला. इतकी वर्षं फडक्यात गुंडाळून ठेवलेला. तो गादीत बसवून नासीरला काडी दिली. आठ दिवस हा उद्योग. नासीर दाढेत काडी धरायचा, कानांत बोटं घालायचा, मामा वेगाचं बटण फिरवायचे.

"काय आयकू येते?"

"कुछ नहीं मामा. सिर्फ दात झिनझिनते."

"तेच आयकाचं हाय."

सातव्या दिवशी नासीरची भुवई आपोआप वर गेली. मामांनी बटण मागे घेतलं, तुकडा काढून भिंगाखाली धरला. थरथरीची खूण जिथे उमटायला सुरुवात झाली होती, तिथेच ती संपली होती. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या पहिल्या जबड्याचं असं का होईना काही चीज झालं, असं मला वाटलं.

नवव्या दिवशी डबा आला. नंबर. पुरुष. वय छप्पन्न. नाव नाही.

*

सकाळचे दहा वाजले असतील. सर नागपूरहून स्वतः डबा घेऊन आले होते आणि आता दाराशी उभे होते, आत येत नव्हते. मी जबडा मोजून घेतला आणि जाळीच्या टोकांना निळा रंग लावला. माझ्या हाताला रंग लागला, टेबलाला लागला, कुठे कुठे लागला. मामांनी चामड्याच्या चकत्या स्वतः कोरल्या. जबडा गादीत बसवला, अंगठ्यानं दाबून पाहिला, हलत नव्हता. खिशातला रुईचा बोळा काढून माझ्याजवळ दिला, मागून लागेल म्हणून. मग स्टूल ओढून वेगाच्या बटणाशी जाऊन बसले.

नासीरनं काडी उचलली. पाटाला एक टोक टेकवलं. दुसरं टोक तोंडाजवळ नेलं आणि हात खाली घेतला. पुन्हा नेलं, पुन्हा खाली घेतला.

"नहीं होता मामा मेरेसे," तो म्हणाला. "दुसऱ्या कोनाले सांगा. तुमचं हाय ते. मेरेसे नहीं होता."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले, आणि रोज विचारायचे तसंच विचारलं.

"बाई, कोनाचं हाय?"

इतकी वर्षं मी ह्या प्रश्नाला क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं होतं. शिंपी, कंडक्टर, सून, काय काय. वही समोर उघडी होती. मी वहीकडे बघत राहिले, सर दारातून बाहेर बघत राहिले.

मामांनी थोडी वाट पाहिली. मग नासीरकडे वळून, ओठांच्या फटीतून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "उमरखेडच्या मास्तरनीचं हाय. तीन लेकरं हायेत तिले. धर काडी."

नासीरनं काडी दाढेत धरली, दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटले. मामांनी मशीन सुरू केली आणि बटणावर हात ठेवून ते त्याच्या भुवयांकडे बघत बसले.